शाळेने वर्गच बंद केल्यावर ए लेव्हल जर्मन: एका मुलीचं प्रकरण

आधीच सांगते, मुलीचं नाव बदललंय आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण इंग्लंडमधल्या त्या गावात मराठी घरं मोजून वीस-पंचवीस, गणपतीला सगळे एकाच हॉलमध्ये जमतात, नाव दिलं तर दुसऱ्या मिनिटाला कळेल कोणाची मुलगी ते. आपण तिला ईरा म्हणू. तिची आई माझी कॉलेजची मैत्रीण. मी पुण्यात जर्मन शिकवते, रानडे इन्स्टिट्यूटमध्ये सुरुवात केली, पुढे मॅक्सम्युलर भवनच्या, म्हणजे ग्योटे इन्स्टिट्यूटच्या, परीक्षा देत देत सी1 पर्यंत गेले (ए1, ए2, बी1, बी2, सी1, सी2 अशा चढत्या पायऱ्या असतात), आता घरूनच बॅचेस घेते. म्हणजे या प्रकरणात मी बाहेरून बघणारी नाही, काही चुका थेट माझ्याच आहेत, त्या पण लिहिणार आहे.

पार्श्वभूमी

ज्यांना तिकडची सिस्टीम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सोळाव्या वर्षी जीसीएसई, म्हणजे साधारण आपली दहावी, त्यात आठ-दहा विषय असतात. मग दोन वर्षं सिक्स्थ फॉर्म, त्यात बहुतेक मुलं फक्त तीनच विषय घेतात आणि ते खोलात करतात, त्या परीक्षेला ए लेव्हल म्हणतात आणि युनिव्हर्सिटीची ॲडमिशन त्याच ग्रेड्सवर होते. तीनच विषय असल्यामुळे प्रत्येक विषय निवडताना घरात लोकसभेच्या तिकीटवाटपासारखी चर्चा चालते.

आपल्याकडे पुण्यात अकरावीला जर्मन घेणारी मुलं ढिगाने आहेत, आणि बऱ्याच जणांचं कारण एकच, स्कोअरिंग आहे. तिकडे बरोबर उलटं. भाषेत ए काढणं अवघड असतं असं मुलं एकमेकांना सांगतात आणि ते अगदीच खोटं नाही, कारण वर्गातल्या काही मुलांच्या घरीच जर्मन बोलतात, त्यांच्याशी स्पर्धा करायची म्हणजे आपण संपलो असं बाकीच्यांना वाटतं. तिथल्या परीक्षा नियामक संस्थेने, ऑफक्वालने, हा मुद्दा तपासला आणि 2017 पासून जर्मन, फ्रेंच, स्पॅनिशच्या वरच्या ग्रेड्समध्ये थोडी दुरुस्ती पण केली, तरी भीती काही गेली नाही. त्यात 2004 पासून इंग्लंडमध्ये चौदा वर्षांनंतर परदेशी भाषा सक्तीचीच राहिली नाही, त्यामुळे खालूनच मुलं कमी येतात. 2020 नंतर ए लेव्हल जर्मनला बसणाऱ्यांचा आकडा तीन हजारांच्या खाली असतो. आख्ख्या देशात! पुण्यात एखाद्या वर्षी ए1, ए2 करणारे धरले तर मला नाही वाटत आपण फार मागे असू, पण तो माझा अंदाज झाला, सोडा.

ईरा सहावीच्या वयापासून शाळेत जर्मन शिकत होती. जीसीएसईला 9 ते 1 अशा ग्रेड असतात, 9 सगळ्यात वर, तिला 8 मिळाला. तिला ही भाषा मनापासून आवडायची आणि त्याचं एक कारण मला खूप मजेशीर वाटतं. तिचं मराठी घरगुती आहे, 'माझा आई' वगैरे अधूनमधून चालतं, पण कानात मराठी पक्कं बसलेलं. वर्गातली बाकीची मुलं थंडी वाजते हे सांगताना इंग्रजीवरून 'इश बिन काल्ट' म्हणायची, म्हणजे 'मी थंड आहे', आणि बाई वैतागायच्या. ईरा पहिल्या दिवसापासून 'मिअर इस्ट काल्ट' म्हणायची, कारण तिच्या डोक्यात 'मला थंडी वाजते' होतं, 'मला' म्हणजे 'मिअर', झालं काम. तसंच 'वाइल' म्हणजे 'कारण' आलं की क्रियापद शेवटी जातं, यावर इंग्लिश मुलं दोन महिने रडतात, आपल्याला त्यात काय विशेष, आपलं क्रियापद शेवटीच असतं. आणि डेअर, डी, डास, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे त्याच्या आधी येणारे शब्द, त्यांच्याबद्दल तिने एकदा बाईंना सांगितलं होतं म्हणे, की पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते, माझी आजी पण कधी कारण सांगत नाही.

अडचण नेमकी काय झाली

जुलै 2022 मध्ये, म्हणजे जीसीएसईचे पेपर संपून सुट्टी लागायच्या वेळी, शाळेचं पत्र आलं. ए लेव्हल जर्मनसाठी चारच नावं आली आहेत, किमान आठ लागतात, त्यामुळे सप्टेंबरपासून वर्ग चालणार नाही, कृपया दुसरा विषय निवडा. शाळेलाही मी फार दोष देत नाही, सिक्स्थ फॉर्मचे पैसे सरकारकडून डोक्यामागे येतात, चार मुलांसाठी आठवड्याला पाच तास एक शिक्षक ठेवणं त्यांना परवडत नाही. पण पत्र जुलैत आलं, एप्रिलमध्ये नाही, याचा राग मात्र मला आजही आहे. नावं तर मार्चमध्येच घेतली होती ना.

घरच्यांनी काय केलं, तर काहीच नाही. रिझल्ट लागू दे मग बघू. रिझल्ट होता 25 ऑगस्टला, शाळा सुरू होणार सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मधले सहा आठवडे गेले. हा पहिला डिसिजन पॉइंट, आणि तो निर्णय न घेता निघून गेला, कारण त्या सहा आठवड्यांत जवळपासच्या दुसऱ्या कॉलेजांमध्ये जागा होत्या, ऑगस्टअखेर त्या भरल्या.

मला फोन आला 27 ऑगस्टला रात्री. मैत्रीण म्हणाली, "अगं, ही जेवत नाहीये नीट, जर्मन नाही तर काहीच नको म्हणते, तू बोल ना तिच्याशी." ईराने फोन घेतला आणि रडत नव्हती, उलट एकदम शांतपणे विचारलं, "मावशी, तू मला शिकवशील का?"

कोणते पर्याय होते

शाळेत दुसरा विषय घेणं हा सगळ्यात सोपा. तिचे बाकीचे दोन ठरलेले होते, गणित आणि इकॉनॉमिक्स. तिसरा इतिहास घेतला की सुटला प्रश्न. वडिलांचं मत हेच होतं.

दुसरा पर्याय म्हणजे शाळा बदलणं. चौदा मैलांवरच्या एका कॉलेजात जर्मन चालू होतं, पण तिथे आता वेटिंग लिस्ट, शिवाय दोन बस बदलून जायचं. आईने फोन केला, त्यांनी नाव लिहून घेतलं, परत कधी फोन आला नाही.

तिसरा, ए लेव्हल सोडून द्यायची आणि माझ्याकडे ग्योटेची बी1, बी2 परीक्षा करायची. खरं सांगू, मला हाच पर्याय आवडला होता कारण तो मला येतो, पंधरा वर्षं तेच करतेय. पण तिकडच्या युनिव्हर्सिटीच्या ऑफर ए लेव्हलच्या भाषेत येतात, आणि ईराला इकॉनॉमिक्स आणि जर्मन अशी जोड डिग्री हवी होती.

चौथा म्हणजे प्रायव्हेट कँडिडेट. आपल्याकडे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसतात ना, तसंच काहीसं. अभ्यास बाहेर करायचा, एखादं परीक्षा सेंटर शोधायचं, फी भरायची, पेपर द्यायचा.

या सगळ्यात एक गोष्ट कोणी तपासलीच नाही, मी पण नाही. इंग्लंडमधल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्यांमध्ये जर्मन अगदी पहिल्यापासून, ए लेव्हल नसताना पण, डिग्रीत घेता येतं. हे आम्हाला कळलं पुढच्या वर्षी मे महिन्यात एका युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला. वडिलांनी तिथेच विचारलं म्हणे, "मग आपण हे सगळं कशासाठी करतोय?" ईरा म्हणाली, "मला करायचंय म्हणून." त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. पण ऑगस्टमध्ये हे माहीत असतं तर चर्चा वेगळी झाली असती, एवढं नक्की.

शेवटी ठरलं ते असं की शाळेत गणित, इकॉनॉमिक्स, इतिहास असे पूर्ण तीन विषय, आणि जर्मन चौथा, बाहेरून, माझ्याकडे. कोणालाच काही सोडायचं नव्हतं, म्हणून सगळंच घेतलं. असे निर्णय आपल्या घरांमध्ये फार होतात.

काय केलं: पहिलं वर्ष

आठवड्यातून तीन क्लास, माझ्या रात्री दहाला. उन्हाळ्यात तिचे साडेपाच, हिवाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, त्या आठवड्यात दोन्ही वर्षी आमचा एक क्लास चुकलाच, एकदा मी तासभर स्क्रीनसमोर बसून होते.

मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने सुरू केलं. बी1 चं पुस्तक, मग बी2. ग्योटेच्या परीक्षेत तुम्हाला पत्र लिहायचं असतं, एखाद्या विषयावर मत मांडायचं असतं, जोडीदाराबरोबर सहलीचं प्लॅनिंग करायचं असतं, म्हणजे भाषा वापरता येते का हे बघतात. ईरा पटापट पुढे गेली, व्याकरण पक्कं, मी खूश.

फेब्रुवारी 2023 मध्ये मी पहिल्यांदा एक जुना ए लेव्हलचा पेपर नीट उघडला. पहिल्यांदा! सहा महिन्यांनी! आम्ही एक्यूए बोर्ड घेतलं होतं, त्याचे तीन पेपर असतात. पहिला अडीच तासांचा, ऐकणं, वाचणं आणि भाषांतर, त्याला पन्नास टक्के. दुसरा दोन तासांचा, त्यात दोन निबंध, साधारण तीनशे शब्दांचे, पण निबंध कशावर, तर एका साहित्यकृतीवर आणि एका चित्रपटावर, किंवा दोन साहित्यकृतींवर, यादीतून निवडायच्या. वीस टक्के. तिसरा ओरल, तीस टक्के. आणि गुणांचा एक भाग भाषेला नाहीच, तो तुम्हाला जर्मन समाजाबद्दल काय माहीत आहे आणि तुम्ही त्याचं विश्लेषण कसं करता याला आहे. बर्लिनचं सांस्कृतिक जीवन, स्थलांतर, जर्मनीचं एकीकरण, तरुणांचं राजकारण असे विषयच ठरलेले आहेत.

तिला मी एक निबंध लिहायला दिला. चित्रपट आम्ही 'गुड बाय, लेनिन!' घेतला होता, 2003 चा, पूर्व बर्लिनमधली आई कोमात जाते आणि मधल्या काळात भिंत पडते, मग तिला धक्का बसू नये म्हणून मुलगा घरात जुना पूर्व जर्मनी जिवंत ठेवतो. प्रश्न होता की दिग्दर्शक वस्तूंचा वापर कसा करतो. ईराने सुंदर जर्मनमध्ये गोष्ट लिहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक चूक नाही, आणि मार्किंग स्कीम लावली तर विश्लेषणाच्या वीस पैकी मला पाचच्या वर देता येईनात. काकडीच्या लोणच्याच्या बाटलीचा उल्लेख होता, पण ती बाटली म्हणजे नुसतं लोणचं नाही, सगळं पश्चिमेकडचं आल्यावर जुन्या लेबलसाठी कचऱ्याचे डबे धुंडाळायला लागणं म्हणजे एक आख्खा देश दुकानाच्या शेल्फवरून गायब होणं आहे, हे कुठेच नव्हतं.

त्या दिवशी मी तिला सांगितलं की चूक माझी आहे. तिला ते पटत नव्हतं, तिला वाटत होतं तिचंच काहीतरी चुकलं. पण मी ज्या परीक्षेसाठी शिकवत होते ती परीक्षा ती देणारच नव्हती.

तिथून सगळं बदललं. पुस्तक बाजूला. प्रत्येक आठवड्याला एक विषय, त्यावर जर्मन बातम्या, आणि दर वेळी एकच नियम, 'काय झालं' हे दोन वाक्यांत, 'म्हणून काय' हे आठ वाक्यांत. दुसरी कृती आम्ही स्विस नाटककार ड्युरेनमाटचं 1956 चं नाटक घेतलं, 'डेअर बेझूख डेअर आल्टन डामं', श्रीमंत म्हातारी गावात परत येते आणि एका माणसाच्या मरणाच्या बदल्यात गावाला एक अब्ज देऊ करते. यावर मात्र ईराशी बोलायला मजा आली, कारण तिने लगेच विचारलं, मावशी, गावातला शाळामास्तर सगळं समजत असून गप्प का बसतो. आम्ही त्यावर दोन क्लास मराठीतच भांडलो. हे मराठीतच भांडणं पुढे महागात पडलं, ते येईलच.

सेंटरचा घोळ

हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा धडा, आणि ज्यांना हा रस्ता घ्यायचा आहे त्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, एवढं वाचा.

लेखी पेपर बाहेरून द्यायला सेंटर मिळतं. पण भाषेच्या विषयात ओरल असते, ती बहुतेक ठिकाणी सेंटरमधल्या जर्मन येणाऱ्या शिक्षकाला घ्यावी लागते, रेकॉर्ड करून बोर्डाकडे पाठवावी लागते. प्रायव्हेट मुलांसाठी चालणारी बरीच सेंटर्स गणित-फिजिक्सवाली, त्यांच्याकडे जर्मन येणारं माणूसच नाही. मैत्रिणीने ऑक्टोबर 2023 मध्ये फोन करायला सुरुवात केली, वहीत लिहून ठेवलं होतं तिने, अकरा ठिकाणं. नऊ जण सरळ नाही म्हणाले, एकाने लंडनला या म्हटलं आणि फी सांगितली ती ऐकून ती गप्प झाली, एकाने "बघतो" म्हटलं आणि ख्रिसमसनंतर नाही कळवलं.

मग ईराची स्वतःची शाळा? तिथे खालच्या वर्गांना जर्मन शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांनीच हिला पाच वर्षं शिकवलं होतं. पण वर्ग बंद झाल्यावर त्यांचे तास कमी झाले आणि 2023 च्या उन्हाळ्यात त्या दुसऱ्या शाळेत गेल्या. जागेवर स्पॅनिशचे सर आले. शाळा म्हणाली लेखी पेपर आमच्याकडे द्या, ओरलचं तुम्ही बघा. असं अर्धं-अर्धं होत नाही, विषयाची एंट्री एकाच ठिकाणी लागते.

जानेवारी 2024. एंट्रीची मुदत 21 फेब्रुवारी. मैत्रीण म्हणाली, आता सोडून देऊया, तीन विषय आहेतच. मी पण मनातून तयार झाले होते. इथे ईराने स्वतः एक गोष्ट केली जी आम्ही दोघी मोठ्या बायकांना सुचली नव्हती. तिने नव्या शाळेच्या वेबसाइटवरून त्या जुन्या बाईंचा शाळेचा ईमेल काढला आणि जर्मनमध्ये मेल लिहिला. मला न दाखवता. नंतर पाठवला तेव्हा बघितलं, डेटिव्हची ('मला' वाल्या विभक्तीची) एक चूक होती. बाईंनी चार दिवसांनी उत्तर दिलं की त्यांच्या नव्या शाळेत सहा मुलं ओरल देणार आहेत, सातवी म्हणून हिला घ्यायला परीक्षा ऑफिस तयार आहे, फी भरा आणि ओळखपत्र घेऊन या. काहीशे पौंड गेले, पण एंट्री 16 फेब्रुवारीला लागली. पाच दिवस शिल्लक होते.

जर त्या बाई शिकवणंच सोडून गेल्या असत्या तर? दीड वर्षाचा अभ्यास हवेत. सेंटर आधी, अभ्यास नंतर, हा क्रम आम्ही उलटा केला होता आणि नशिबाने वाचलो.

ओरलची तयारी

ओरलमध्ये दोन भाग. आधी एक कार्ड देतात, पाच मिनिटं तयारी, मग त्यावर पाच-सहा मिनिटं चर्चा. दुसरा भाग म्हणजे स्वतः निवडलेल्या विषयावरचा संशोधन प्रकल्प, दोन मिनिटं मांडणी आणि मग नऊ-दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. विषय जर्मन भाषिक देशाशी संबंधित हवा आणि तो मुलाने स्वतः निवडायचा, शिक्षकाने प्रश्नोत्तरं घोकून घ्यायची नाहीत.

तिच्या आईला मॅक्स म्युलर घ्यायचा होता. देसाऊत जन्मलेला जर्मन माणूस, ऑक्सफर्डमध्ये बसून ऋग्वेदाची आवृत्ती काढतो, भारतात आयुष्यात कधीच येत नाही आणि भारतभर त्याच्या नावाची भवनं, किती छान विषय! मला पण मोह झाला. पण ईराचा जीव त्यात नव्हता. तिला वडिलांनी जेवताना सांगितलेली एक गोष्ट आठवत होती. 2000 साली जर्मनीने आयटीवाल्यांसाठी ग्रीन कार्ड काढलं, चान्सलर श्र्योडर यांची योजना, वीस हजारांपर्यंत लोक घ्यायचे, पाच वर्षांपर्यंत राहता येणार, 1 ऑगस्ट 2000 ला सुरू झाली. वडील तेव्हा पुण्यात नोकरीला, त्यांनी पण फॉर्म आणला होता. त्याच वर्षी नोर्डऱ्हाइन-वेस्टफालन राज्याच्या निवडणुकीत सीडीयू पक्षाचे युर्गेन रुटगर्स म्हणाले की भारतीयांना कॉम्प्युटरवर बसवण्याऐवजी आपल्या मुलांना बसवा, आणि त्यावरून 'किंडर श्टाट इंडर', भारतीयांऐवजी मुलं, ही घोषणा देशभर गाजली. मे महिन्यात ते निवडणूक हरले. पण वडिलांनी फॉर्म भरलाच नाही, दोन वर्षांनी इंग्लंडला आले.

ईराला विचारायचं होतं की बाबांनी त्या घोषणेमुळे फॉर्म नाही भरला का. त्यांनी सांगितलं, "नाही गं, आजीची तब्येत बरी नव्हती तेव्हा." मला वाटतं हे दोन्ही थोडं थोडं खरं असणार. असो, विषय तिचाच झाला, आणि मॅक्स म्युलर राहिला. हा निर्णय आम्ही बरोबर घेतला, किंवा खरं तर आम्ही गप्प बसलो हे बरोबर केलं.

मार्च 2024 मध्ये मी सराव म्हणून एक कार्ड दिलं, तिचा प्रकल्प सोडून दुसराच विषय, आणि फक्त जर्मनमध्ये बोलायचं म्हटलं. ती अडकली. सलग चार मिनिटं बोलायला गेली की मध्येच 'म्हणजे कसं ना' यायचं. तेव्हा लक्षात आलं, दीड वर्ष मी सगळं मराठीत समजावलं होतं. विभक्ती समजायला मराठी इतकी कामाला आली की मी तिथेच राहिले. ती पण आणि मी पण, दोघी आरामात. वर्गात बसली असती तर आठवड्याला पाच तास नुसतं कानावर तरी पडलं असतं.

शेवटचे सहा आठवडे मराठी बंद, हॅलो सुद्धा नाही. शिवाय माझा एक जुना विद्यार्थी, चाकणच्या कंपनीतून स्टुटगार्टला गेलेला, त्याला विनंती केली की रविवारी अर्धा तास हिच्याशी बोल, मुद्दाम फास्ट बोल, मध्येच तोड, पटलं नाही तर वाद घाल. तो बिचारा पाच रविवार बोलला. ओरल मेच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि ती बाहेर आल्या आल्या मेसेज आला, "मावशी, बाईंनी विचारलं आज ही घोषणा परत आली तर कोण देईल, मी उत्तर दिलं!!" काय उत्तर दिलं ते मी विचारलं नाही.

निकाल

15 ऑगस्ट 2024. आपल्याकडे झेंडावंदन, त्यांच्याकडे रिझल्ट. इकॉनॉमिक्स ए, इतिहास ए, गणित बी, जर्मन बी.

ओरल उत्तम गेली होती, निबंध पण चांगले. घसरली ती पहिल्या पेपरात. त्यात ऐकण्याचं रेकॉर्डिंग प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या हातात असतं, हवं तितक्या वेळा मागे न्या. मला हे वाचून माहीत होतं पण सरावात मी नेहमी दोनदाच लावून दाखवायचे, ग्योटेची सवय. हातात कंट्रोल आल्यावर तिने प्रत्येक तुकडा चार-पाचदा ऐकला, आणि जर्मनमध्ये करायच्या भाषांतराला शेवटी दहा मिनिटं उरली. ती सवय लावून घ्यायला दोन क्लास पुरले असते.

खरी किंमत गणितात मोजली गेली. तिला प्रेडिक्टेड (शाळेने आधीच अंदाजाने दिलेला) ए होता, पहिल्या पसंतीच्या युनिव्हर्सिटीची अटच गणितात ए अशी होती, ती गेली. फेब्रुवारी ते मे ती आठवड्याला आठ-नऊ तास जर्मनवर घालवत होती, ते कुठून तरी येणारच. दुसऱ्या पसंतीच्या ठिकाणी इकॉनॉमिक्स आणि जर्मन मिळालं, आणि ए लेव्हल असल्यामुळे पहिल्या वर्षी नवशिक्यांच्या गटात न जाता थेट वरच्या गटात. तिसरं वर्ष जर्मनीत असतं.

मैत्रीण मला कधी बोलून दाखवत नाही, पण "चौथा विषय नसता घेतला तर" हे वाक्य तिच्या घरात निदान दोनदा तरी उच्चारलं गेलंय, मला ईराकडून कळलं. ईराला विचारलं तर ती म्हणते गणिताचा तो पेपरच वाईट होता. मला वाटतं मैत्रीण जास्त बरोबर आहे.

परत करायचं झालं तर

जुलैत पत्र आलं त्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजला फोन. रिझल्टची वाट बघायची गरजच नव्हती, प्रेडिक्टेड ग्रेडवर जागा धरून ठेवता येते. वर्ग चालू असलेल्या ठिकाणी दोन बस बदलून जाणं सुद्धा आम्ही जे केलं त्यापेक्षा स्वस्त पडलं असतं, वेळेनेही आणि पैशानेही.

उरलेल्या तीन मुलांच्या घरच्यांना भेटायला हवं होतं. हे मला फार उशिरा सुचलं. चौघांनी मिळून शाळेला विचारलं असतं की आठवड्याला दोनच तास द्या, बाकी आम्ही बघतो, आणि एंट्री मात्र तुमच्याच सेंटरमध्ये लावा, तर बाई पण कदाचित टिकल्या असत्या. ती तीन मुलं कोण होती हे ईराला माहीत होतं, आम्ही कोणी विचारलंच नाही तिला.

इतिहास सोडून जर्मन तिसरा ठेवायचा होता का? इथे माझं मत पक्कं नाही. सेंटरची खात्री नसताना तीनपैकी एक विषय बाहेर ठेवणं म्हणजे जुगार. सेंटर नक्की असतं तर मी म्हटलं असतं, हो, इतिहास सोड.

आणि माझ्यापुरतं, पहिल्या क्लासच्या आधी जुने पेपर आणि मार्किंग स्कीम वाचणं. दोन्ही बोर्डाच्या साइटवर फुकट असतात, तीन-चार तासांचं काम. पंधरा वर्षांचा अनुभव असला की माणूस हे तीन तास वाचवायला जातो. आता माझ्याकडे तिकडची अजून दोन मुलं आहेत, त्यांच्या आयांना मी पहिल्या फोनवर विचारते की ओरल कुठे देणार, नाव सांगा, मग आपण पुस्तकाचं बोलू. एकीला ते जरा तुसडं वाटलं असावं, पण आठ दिवसांत तिने सेंटरचा ईमेल फॉरवर्ड केला.

ईराचा धाकटा भाऊ त्याच शाळेत आहे. त्याला पण जर्मन घ्यायचं होतं, पण आता तिथे जर्मन कुठल्याच वर्गाला नाही, स्पॅनिश आहे, आणि मला त्यातलं 'ओला'च्या, म्हणजे हॅलोच्या, पुढे काही येत नाही.